पंतप्रधानांच्या दाराबाहेरची तिवई

बसा आधी. उभ्या माणसाशी बोलायची मला सवय नाही. जिचा सारा जन्म दुसऱ्याला बसवण्यात गेला, तिला समोर कुणी ताटकळलेलं बघवत नाही.

मी तिवई. एका लाकडाची, तीन पायांची, बसायला जराशी खोलगट, गुडघ्याला लागेल एवढी उंच. देशाच्या पंतप्रधानाच्या खुर्चीबद्दल तुम्ही पुष्कळ ऐकलं असेल. तिला कातडं होतं, चाकं होती, तिचे फोटो निघाले. मी दाराच्या बाहेर होते, माझा फोटो कुणी काढला नाही. पण त्या खुर्चीवर चारजण आले नि गेले, आणि तिथं माझ्यावर एकच माणूस बसला. म्हणून गोष्ट मला माहीत आहे, तिला नाही.

माझा जन्म नदीकाठच्या एका लोहाराच्या अंगणात झाला. लाकडाच्या तिवईला लोहार कुठला, असं म्हणाल. आमच्याकडे लोखंड आणि लाकूड एकाच घरात राहतात. जो विळा घडवतो तोच उखळ कोरतो. वाऱ्यानं पडलेलं जाला नावाचं झाड होतं, आतून तांबूस, हाताला जड. लोहारांचा नेम असा की घाव घालण्याआधी लाकडाला विचारायचं. म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं म्हणतात. मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही, पण त्यानं घाव घातला त्या अर्थी हो म्हटलं असणार.

झुमाना त्राओरेच्या लग्नात मी अहेरात आले. त्याच वर्षी गोऱ्यांचं राज्य गेलं आणि झुमानाला मोठ्या कचेरीत पट्टेवाल्याची नोकरी लागली. गोऱ्या साहेबाच्या काळात पट्टेवाला दिवसभर उभा असायचा. नवे पंतप्रधान पहिल्या दिवशी म्हणाले, "आता आपलं राज्य आलं. माझ्या दाराशी माणूस उभा राहणार नाही." फार छान बोलले. पण कचेरीच्या सामानाच्या यादीत पट्टेवाल्यासाठी खुर्चीच नव्हती, आणि यादीत नाही ती वस्तू देणार कोण. चार दिवस वाट पाहून झुमाना मला डोक्यावर घेऊन आला. अशी मी सरकारात शिरले. सरकारनं मला आणलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ते पहिले साहेब दोन वर्षं टिकले. मग ते डोंगरावरच्या वाड्यात राष्ट्रपती म्हणून गेले आणि जाताना पंतप्रधानपदही बरोबर घेऊन गेले. एकाच डोक्यावर दोन टोप्या. खोलीला कुलूप लागलं. झुमानाला मात्र घरी जा असं कुणी सांगायचं राहून गेलं, आणि पगार यायचा थांबला नाही. तेव्हा तो रोज सकाळी यायचा, माझ्यावरची धूळ पुसायचा आणि कुलपाशेजारी बसायचा. अर्ज घेऊन लोक यायचे. "साहेब आहेत का?" "नाहीत." "कधी येतील?" "देव जाणे." खोटं एक अक्षर बोलला नाही तो. असा सहा वर्षं त्यानं रिकाम्या खोलीवर पहारा केला.

मग एका सकाळी रेडिओवर बातम्यांच्या जागी बँड वाजू लागला. आमच्याकडे असा बँड वाजला की बायका काही विचारत नाहीत, आधी सगळे रांजण भरून घेतात. संध्याकाळपर्यंत डोंगरावर एक कर्नल बसला होता. कुलूप आणि झुमाना तसेच राहिले. काही वर्षांनी बाहेरदेशच्या मदत देणाऱ्यांनी त्याला सांगितलं म्हणे, की बाबा रे, गणवेश नसलेला एखादा चेहरा समोर ठेव. मग कुलूप निघालं. एक पंतप्रधान आले, त्यांनी पडदे बदलले आणि आठ महिन्यांत गेले. दुसरे आले, त्यांना आपला आवाज बाहेर जातो अशी भीती. त्यांनी दाराला आतून-बाहेरून गादी ठोकून घेतली, कातड्याची, पितळी खिळ्यांची. त्यांना ठाऊक नव्हतं की लाकूड कानानं ऐकत नाही, पायांनी ऐकतं. जमिनीतून मला सगळं कळायचं. तेही गेले. दाराची गादी राहिली.

आणि मग आले सिनाली कोने.

ते मूळचे गुरांचे डॉक्टर. बोटं जाड, बोलणं सावकाश, आणि अंगाला कसल्यातरी औषधाचा वास, जो सुटाबुटातही गेला नाही. पहिल्या दिवशी मागे दहा माणसं घेऊन ते दाराशी आले. झुमाना माझ्यावरून उठला. आमच्याकडे भेटल्यावर आधी आडनाव विचारतात. त्यांनी विचारलं.

"त्राओरे," झुमाना म्हणाला.

कोने मागे वळून सेक्रेटरीला म्हणाले, "झालं. दाराशी माझा गुलाम बसवलाय. आता कचेरीतलं काय काय चोरीला जाईल ते लिहून ठेवा."

झुमानानं हात जोडले, मान लववली आणि अगदी गरिबासारखा म्हणाला, "साहेब कोने आहेत होय. मग खिडक्या उघडतो आधी. सकाळी चवळी खाऊनच निघाला असाल."

सेक्रेटरीच्या हातातली फाईल खाली पडली. आणि कोने हसले, असे हसले की त्यांना दाराच्या गादीवर हात टेकावा लागला.

त्राओरे आणि कोने यांचं थट्टेचं नातं. मेहुण्या-मेहुण्यांत चालते तशी थट्टा, पण अख्ख्या कुळाची अख्ख्या कुळाशी, आणि ती किती पिढ्यांची ते कुणाला सांगता येत नाही. कोनेनं त्राओरेला गुलाम म्हणायचं, त्राओरेनं कोनेला चवळीखाऊ. रागावायचं नाही, जो रागावला तो हरला. भांडण झालं तर यांनीच मिटवायचं. मयत झाली तर यांनीच येऊन रडणाऱ्यांना हसवायचं. राजा असो की पखालवाला, या नात्यापुढे सगळे सारखे.

त्या दिवसापासून त्या कचेरीत जरा वारा खेळू लागला. मोठमोठे लोक साहेबांपुढे गोड बोलायचे. झुमाना एकटा शिव्या द्यायचा, आणि त्या शिव्यांत घालून गावची खबर द्यायचा.

"बाजारात तुमच्या नावानं शंख करतायत, चवळीखाऊ. कोनेनं बाजरी महाग केली म्हणे. मी म्हटलं, त्याच्यावर कशाला राग, त्याला बाजरी म्हणजे काय ते माहीतच नाही."

"गुलामा, तुला बाजारात पाठवलं कुणी? तू दार सांभाळ."

"दार पळून जात नाही साहेब. पंतप्रधान जातात."

कोने हसत आत जायचे. आणि मग गादीच्या दारामागे, जमिनीतून मला ऐकू यायचं, ते सेक्रेटरीला म्हणायचे, "बाजरीच्या भावाचं काय झालंय ते आजच्या आज बघा." झुमानाच्या कानी हे पडत नव्हतं, पण चार दिवसांनी भाव उतरला की त्याला कळायचं. तो माझ्या कडेवर बोटांनी ठेका धरायचा. पट्टेवाल्याच्या जिभेनं राज्य चालतं असं त्याला वाटू लागलं. अगदीच खोटं नव्हतं ते. पण माणसाला एकदा असं वाटलं की तो ताळ्यावर राहत नाही.

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. उत्तरेकडचे गुराखी आपली हाडं निघालेली गुरं घेऊन खाली सरकू लागले. डोंगरावरून एक कागद आला, की ती गुरं सैन्यासाठी ताब्यात घ्यावीत. त्यावर पंतप्रधानाची सही हवी होती. कागद सकाळी आत जायचा आणि संध्याकाळी सहीविनाच बाहेर यायचा. कर्नलचा एक कप्तान स्वतः आला. गादीचं दार बंद झालं.

"सही करायची आहे फक्त," कप्तान म्हणाला. "गुरं तुमची नाहीत."

"मी गुरांचा डॉक्टर आहे," कोने म्हणाले. "ती गुरं गेली तर मागची माणसं किती दिवस जगतील ते मला सांगता येतं. तुम्हाला ऐकायचंय?"

कप्तानाला ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा एक माणूस आमच्या समोरच्या बाकावर येऊन बसू लागला. पेपर उघडून बसायचा, पण पान उलटायचा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला आणि झुमानाला बघत राहायचा.

चौथ्या दिवशी दुपारी झुमाना हात धुवायला मागच्या अंगणातल्या नळावर गेला. तिथं कप्तानाचे दोन ड्रायव्हर गाडी धूत होते.

एक म्हणाला, "उद्या टाकी काठोकाठ भर. डोंगरावर सभा, नि सभेवरून थेट उत्तरेला."

"किती जण?"

"जाताना चार. येताना तीन."

झुमाना परत आला तो माझ्यावर असा बसला की जणू कुणी पोतं टाकलं.

पुढचं घरचं मी पाहिलेलं नाही, पण नंतर इतक्या वेळा ऐकलंय की पाहिल्यासारखंच झालं. घरी जाऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. कोरोतुमू भेंडी चिरत होती. ती हातातली सुरी ठेवून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जेलीबाईकडे जा." जेली म्हणजे आमच्याकडचे शब्दांचे मानकरी. सोयरिक असो, तंटा असो, मरणाची खबर असो, भारी शब्द त्यांच्या तोंडून जातो. तसा गेला तरच लोक तो भारी म्हणून ऐकतात.

"जेलीबाई कशाला?" झुमाना म्हणाला. "रोज माझंच ऐकतात ना ते."

"रोज तू थट्टा करतोस."

"थट्टेतूनच तर ऐकतात."

"बाजरीचं ऐकतात," कोरोतुमू म्हणाली. "त्राओरेच्या तोंडून कोनेला मरणाचं कधी कळलंय?"

तो गेला नाही जेलीबाईकडे. रुबाब म्हणा, भोळेपणा म्हणा. मी म्हणते, तीन वर्षांची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोने आले. बाकावर कप्तानाचा माणूस होता, सेक्रेटरी होता, भेटीला आलेले दोन व्यापारी होते. झुमाना उठला. तो म्हणाला, "साहेब, आज डोंगरावर सभेला जाऊ नका."

एवढंच. चवळी नाही, काही नाही.

कोने थांबले. "का रे गुलामा? मी गेलो की माझ्या खुर्चीवर बसून बघणार आहेस?"

व्यापारी हसले.

"साहेब, मी थट्टा करत नाही."

"ऐकलंत?" कोने सगळ्यांकडे बघून म्हणाले. "त्राओरे म्हणतो, थट्टा करत नाही. तीन वर्षांत एवढी चांगली थट्टा केली नव्हती यानं."

आता सेक्रेटरीही हसला. कप्तानाचा माणूस हसला नाही. त्यानं पेपर खाली घेतला. झुमानाला त्याच्यादेखत ड्रायव्हरांचं नाव घेता येईना. मग त्याला एकच सुचलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि तो खाली जमिनीवर बसला, साहेबांच्या बुटांपाशी. आमच्याकडे असं बसलेल्या माणसाला डावलून पुढे जात नाहीत. मी बाजूला रिकामी होते. इतकी वर्षं मी तिथं होते, पण तो जमिनीवर आणि मी रिकामी असं कधी झालं नव्हतं.

कोने त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग हसू लागले. डोळ्यांत पाणी येईतो हसले. "बघा," म्हणाले, "एवढ्या पिढ्यांनी गुलामानं आपली जागा ओळखली एकदाची." आणि वाकून त्यांनी झुमानाच्या खांद्यावर थाप मारली, आणि जिना उतरून गेले.

दुपारी रेडिओवर बँड वाजला नाही. नुसतं एवढंच सांगितलं, की पंतप्रधानांनी प्रकृतीच्या कारणावरून पद सोडलं आहे आणि राज्यकारभाराच्या सोयीसाठी ते पदच आता राहणार नाही. तिसऱ्या दिवशी सैनिक आले, कपाटं रिकामी केली, दाराची गादी फाडून आत कागद आहेत का ते बघितलं. कागद नव्हते, घोड्याचे केस होते. एकानं मला लाथ मारून विचारलं, "ही कुणाची?"

"माझी," झुमाना म्हणाला.

"मग ने."

जशी आले होते तशीच, डोक्यावरून, मी घरी गेले.

घरी झुमाना माझ्यावर बसेना. ओसरीत कोपऱ्यात मला ठेवलं, आणि स्वतः चटईवर, भिंतीला पाठ लावून. कोरोतुमू माझ्यावर बसून शेंगदाणे सोलायची. तो दिवस दिवस बोलायचा नाही, आणि बोलला की तेच. नळ, ड्रायव्हर, टोपी, बूट. "आधी शिवी द्यायला हवी होती. नेहमीसारखी शिवी देऊन मग हळूच सांगितलं असतं तर?" कधी म्हणायचा, "जेलीबाईकडे गेलो असतो तर?" कोरोतुमू याचं उत्तर देत नसे. एकदाही म्हणाली नाही, मी सांगितलं होतं. तेवढं मन तिला देवानं दिलंय.

त्याची जीभ मात्र गेली. मुका झाला नाही, थट्टा गेली. गल्लीच्या तोंडाशी न्येले कोने नावाची म्हातारी भेंडी विकायची. जाता-येता ती त्याला हाक मारायची, "काय रे गुलामा, धन्याला सलाम न करता चाललास?" पूर्वी तो तिला दहा ऐकवायचा. आता तो म्हणायचा, "सलाम, आजी. तब्येत बरी ना?"

आमच्याकडे यापेक्षा मोठा अपमान नाही. थट्टेच्या माणसाशी अदबीनं बोलणं म्हणजे नातं तोडणं. महिनाभर सोसून म्हातारी एक दिवस आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"आम्ही तुझं काय वाईट केलं ते सांग," ती म्हणाली. "परक्यासारखा 'आजी, आजी' करतोस. मी मेल्यावर माझ्या दारात कोण नाचणार? जावई?"

"मला माफ करा, आजी."

"पुन्हा," म्हातारी म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत निघून गेली.

दोन वर्षांनी उत्तरेच्या वाळवंटातल्या किल्ल्यातून, त्यांना ठेवलं होतं तिथून, खबर आली. सिनाली कोने वारले. कशानं, ते नाही. प्रेत देणार नाही. एवढंच.

त्यानंतर आठ दिवसांनी त्यांची बायको सारान आमच्याकडे आली. मोटार नव्हती, पायी आली. कोरोतुमूनं पाणी दिलं आणि माझ्यावर बसवलं. अंगानं हलकी झाली होती बाई. तिनं इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"त्राओरे, त्या दिवशी त्यांना कुणी सावध केलं होतं का?"

झुमाना चटईवर होता. माझ्या पायांना त्याच्या छातीचे ठोके जमिनीतून कळत होते. नाही म्हणाला असता तर संपलं असतं. तो म्हणाला, "मी केलं होतं, बाईसाहेब. त्यांना थट्टा वाटली. दोष माझा आहे. मी दुसऱ्याच्या तोंडून सांगायला हवं होतं."

"काय बोललास ते सांग. अक्षर न् अक्षर."

त्यानं सांगितलं. टोपी काढून जमिनीवर बसल्याचं सांगितलं.

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, एवढ्या पिढ्यांनी गुलामानं आपली जागा ओळखली."

सारान हसली. खरंच हसली, तोंडाला ओढणी लावून, आणि हसता हसता माझ्यावर पुढे-मागे डुलू लागली, आणि मग ते हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं लागलं ते मला कळलं नाही. कोरोतुमूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तो कप्तानाचा माणूस तेव्हा कुठं होता?"

"समोरच. बाकावर."

"बघत होता?"

"तुझ्या साहेबांकडे नाही," झुमाना म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला. 'बाईसाहेब' राहून त्याच्या तोंडून एकेरी निघालं होतं. "माझ्याकडे बघत होता."

"डोंगराच्या फाटकाशी गाडीतून उतरताना त्यांनी हातातलं घड्याळ काढून आमच्या ड्रायव्हरला दिलं," सारान म्हणाली. "सांगितलं, बाईसाहेबांना दे, दुरुस्तीला टाकायला सांग. मी ते आजवर टाकलेलं नाही. ते चालतंय, त्राओरे. तेव्हाही चालत होतं."

शेजारच्या अंगणात बाजरी कांडत होते, तेवढा आवाज.

त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही. घड्याळं माणसं कशाकशासाठी काढतात. पण बाकावरच्या माणसादेखत साहेबांनी झुमानाचं बोलणं खरं मानलं असतं, तर कप्तानाच्या गाडीतून जाताना झुमाना धरून पाच गेले असते, एवढं मला लाकडालाही कळतं. ज्या गोष्टीवर सगळे हसले, ती कुणी लिहून घेतली नाही.

सारान उठली. "चाळिसाव्याची प्रार्थना आहे," म्हणाली. "प्रेत नाही, तरी करतेय. डोंगरावरचे लोकही येऊन बसतील, कोण रडतं ते बघायला. तू ये. रडायला बोलवत नाही. तुझं काम करायला ये."

चाळिसाव्याला झुमानानं मला पुन्हा डोक्यावर घेतलं. कोनेंच्या दारात न्येले म्हातारी बसली होती. तिनं नुसतं पाहिलं. कोनेंच्या अंगणात शेकडो माणसं, आणि मधे एक रिकामी चटई. मागच्या भिंतीशी कप्तानाची तीन माणसं. कुणी मान वर करत नव्हतं. इमामांनी हात उचलले, तेवढ्यात झुमानानं मला चटईच्या डोक्याशी ठेवलं आणि तो माझ्यावर बसला. दोन वर्षांनी.

"थांबा," तो म्हणाला. "मयत कुठंय?"

त्यानं वाकून रिकाम्या चटईची कड उचलून खाली बघितलं.

"बघा ही कोनेंची जात. लग्नाला उशिरा येतात, जेवायला आधी येतात, आणि स्वतःच्या मयताला येतच नाहीत. आम्ही एवढे लोक इथं उन्हात, आणि हा तिकडे वाळूत चवळी पेरत असेल."

कुठूनतरी एक हुंदका आला आणि अर्ध्यात त्याचं हसू झालं. मागून न्येलेचा आवाज आला, "गुलामा, जीभ आवर. धन्याबद्दल बोलतोयस."

"धनी?" झुमाना म्हणाला. "या धन्याला साधं मोजता येत नव्हतं. गाडीत बसताना चार होते. गाडी परत आली तेव्हा तीन. शहाणा माणूस विचारतो, बाबांनो, चौथा कोण राहिला? हा विचारायलाच विसरला. कोने ना शेवटी. मी त्राओरे आहे, मला मोजता येतं. चार गेले. तीन आले."

आता लोक हसत होते आणि रडत होते, दोन्ही मोठ्यानं, आणि आकडे तोंडातोंडी भिंतीपर्यंत गेले. जे दोन वर्षांत शहरात कुणी कुजबुजलं नव्हतं ते त्यानं भर दुपारी सांगितलं. भिंतीशी उभी असलेली तीन माणसं एकमेकांकडे बघू लागली. पुढच्या आठवड्यात ते आमच्या घरी आले.

"तू काय बोललास तिथं?"

"थट्टा, साहेब," झुमाना म्हणाला. "त्राओरेनं कोनेला काय म्हणावं, याला कायदा असेल तर दाखवा."

त्यांच्यातला एक स्वतः कोने निघाला. तो खाली बघत परत गेला.

त्यानंतर झुमाना अकरा वर्षं जगला, आणि माझ्यावर बसून जगला. न्येलेच्या मयताला तिच्या दारात तोच नाचला. तो गेला तेव्हा कोनेंनी त्याचा जनाजा अर्ध्या वाटेत अडवला, गुलाम आमचा आहे, आम्ही नेऊ देत नाही म्हणून. फार हशा झाला. मी ऐकला.

आता डोंगरावर कर्नल नाही. पंतप्रधानपद पुन्हा आलंय, नवी कचेरी आहे, नदीपलीकडे, काचेची. गेल्या वर्षी तिथून एक टाय लावलेले गृहस्थ फाईल घेऊन आले. आजवरच्या सगळ्या पंतप्रधानांचे फोटो ते भिंतीवर लावणार आहेत, म्हणाले, आणि खाली जुन्या वस्तू. तिवई हवी होती त्यांना. काचेच्या पेटीत ठेवतील, चिठ्ठी लावतील.

कोरोतुमू माझ्यावर बसली होती. कानाला कमी येतं तिला आता, पण जे ऐकायचं ते येतं. "कोनेसाहेबांच्या फोटोखाली काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

त्यांनी फाईल उघडून वाचलं. "प्रकृतीच्या कारणावरून पदत्याग."

"माझा नवरा असता तर त्यानं तुम्हाला हसवून हसवून सांगितलं असतं," ती म्हणाली. "मी त्राओरे नाही, बाबा. मी त्राओरेंच्या घरात दिलेली मुलगी. मला थट्टा येत नाही. म्हणून सरळ सांगते. त्यांना उत्तरेच्या किल्ल्यात नेलं आणि परत आणलं नाही. एवढं लिहा, आणि तिवई न्या."

"आजी, ते माझ्या हातात नाही. वर विचारावं लागेल."

"मग विचारून या. मी बसलेय."

ते गृहस्थ ऊन उतरेपर्यंत उभे होते. कोरोतुमू उठली नाही.

तेव्हापासून एक पावसाळा गेला. ते आलेले नाहीत. माझ्या एका पायाला वाळवी लागलीय. कोरोतुमू रोज राख चोळते, पण वाळवीला काय, ती आतून खाते. मला त्या काचेच्या पेटीचं वेड नाही, भीतीही नाही. मला अक्षर येत नाही, कोरोतुमूलाही येत नाही. तुम्हाला येतं. कधी नदीपलीकडे गेलात तर त्या भिंतीपाशी जरा थांबा, चौथ्या फोटोखाली काय लिहिलंय ते वाचा. खरं लिहिलं असेल तर येऊन सांगा, मी जायला तयार आहे.

नसेल, तर काही सांगू नका. तिला उठवू नका.